घरच्या सरबतात सोड्याचे बुडबुडे

मे महिना निम्मा सरला की मावळातल्या नवलाख उंबरे गावाच्या आसपासच्या डोंगरउतारांवर करवंदाच्या जाळ्या काळ्या पडू लागतात. पाठोपाठ जांभळं येतात, थंडीत आवळा येतो, घाटाखालून कोकम येतं, आणि लिंबू-आलं तर बारा महिने असतंच. इतकं सगळं दाराशी असताना मुलांच्या वाढदिवसाला आणि पाहुण्यांसाठी मात्र नाक्यावरच्या दुकानातून कोलाची बाटली आणली जाते. मुलांना सरबत आवडत नाही असं नाही. पण जिभेला चुरचुरणारे बुडबुडे सरबतात नसतात आणि मुलांना नेमके तेच हवे असतात.

हे बुडबुडे घरी भरता येतात. त्यासाठी सोड्याची रिकामी प्लास्टिकची बाटली, कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, रेग्युलेटर, नळी आणि एक खास झाकण एवढंच लागतं. काही आंबवावं लागत नाही, यीस्ट किंवा खाण्याचा सोडा घालावा लागत नाही. एकदा सामान जमलं की फळ आपलं, साखर आपल्या मापाची आणि पाणी आपल्या खात्रीचं. मात्र काम दाबाखालच्या वायूशी आहे, म्हणून ते समजून घेऊनच करायचं. सगळ्याचं सार इतकंच: दाब वाढवू नका, पेय थंड करा.

थंड पाणी गॅस धरतं

जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे, बिअरच्या कारखान्यात आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मिसळून असं गॅसचं पाणी तयार केलं. १७७२ मध्ये त्यांनी त्याची कृती छापली. पुढे १८०३ मध्ये विल्यम हेन्री यांनी नियम मांडला: तापमान तेच ठेवलं तर द्रवात विरघळणारा वायू त्याच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो. दाब दुप्पट केला की विरघळलेला गॅसही दुप्पट होतो.

यातली तापमानाची अट आपल्या सगळ्यात कामाची आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात ० अंशांना सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, २० अंशांना ०.९ लिटरहून थोडा कमी आणि ३० अंशांना जेमतेम ०.६६ लिटर. उन्हाळ्यात हंड्यातलं पाणी ३० अंशांच्या घरात असतं. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेलं ४ अंशांचं पाणी त्याच दाबाला दुपटीहून जास्त गॅस घेतं.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. बाजारातल्या कोलात लिटरमागे साधारण साडेतीन ते चार लिटर गॅस असतो. पाणी ४ अंशांचं असेल तर ३० पीएसआय दाबाला, म्हणजे मोटारीच्या चाकात हवा भरतात तेवढ्याच दाबाला, त्यात साडेचार लिटरपर्यंत गॅस जाऊ शकतो. ३० अंशांच्या पाण्याला तोच दाब दिला तर मजल दोन लिटरवर थांबते. मग कोलासारखी चुरचुर यावी म्हणून माणूस काटा ७० पीएसआयच्या पुढे नेतो आणि धोका तिथेच सुरू होतो. फ्रिज जे काम फुकट आणि निर्धोक करतो, ते रेग्युलेटरकडून करून घ्यायला जाऊ नये.

वीज गेली असेल तर घाई न करता बादलीत बर्फ आणि पाणी घालून त्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवा आणि अधूनमधून फिरवत राहा. बर्फाच्या पाण्यात बाटली फ्रिजपेक्षा लवकर गार होते.

गॅसच्या वाटेतली दुसरी अडचण हवेची. पाण्यात आधीच थोडी हवा विरघळलेली असते. झाकण उघडलं की ती कार्बन डायऑक्साइडला घेऊनच बाहेर पडते आणि फेस उसळतो. त्यावर उपाय सोपा आहे: पाणी उकळून, झाकून गार करा. उकळताना बरीच हवा निघून जाते. शिवाय पावसाळ्यात हे तसंही करायलाच हवं, कारण गॅस भरल्याने पाणी निर्जंतुक होत नाही. जे पाणी तसंच प्यायला चालणार नाही, ते सोडा करूनही चालणार नाही.

बाटली कोणती घ्यावी

गोटी सोड्याच्या बाटलीचं पेटंट हिरम कॉड यांनी १८७२ मध्ये घेतलं. पुण्याच्या लष्कर भागात अर्देशिर यांचा सोडा १८८४ पासून, तर मुंबईत ड्यूक्सचा १८८९ पासून लोकांच्या ओळखीचा झाला. त्या काळात सोडा म्हटलं की जाड काच, आणि आजही अनेकांना काचच जास्त शुद्ध वाटते. घरी गॅस भरताना मात्र काचेची बाटली अजिबात वापरू नका. काचेतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही आणि दाबाखाली फुटलेली काच तुकड्या-तुकड्यांनी अंगावर येते.

नॅथॅनियल वायेथ या अमेरिकी अभियंत्याने १९७३ मध्ये पेट प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंट मिळवलं, ती खास अशा गॅसच्या पेयांसाठीच होती. सोड्याची किंवा कोलाची नवी पेट बाटली साधारण १५० पीएसआयपर्यंत दाब सोसते. आपण ३० ते ४० पीएसआयवर काम करणार आहोत, त्यामुळे मोठं अंतर हाताशी राहतं. ते अंतर टिकवण्यासाठी बाटली निवडून घ्या.

ज्या बाटलीत गॅसचं पेय आलं होतं तीच घ्या. तिचा तळ सपाट नसतो, पाच पाय असतात. साध्या पाण्याच्या बाटल्या, फळांच्या रसाच्या रुंद तोंडाच्या बाटल्या आणि चौकोनी बाटल्या या कामाच्या नाहीत. सव्वा लिटरची बाटली सगळ्यात सोयीची, कारण तिच्यात एक लिटर पेय भरलं की हलवायला पुरेशी जागा उरते. प्रत्येक वेळी उजेडात धरून पाहा. पांढरट पट्टा, घडी, खोल ओरखडा किंवा वाकडा तळ दिसला की ती बाटली भंगारात टाका. धुताना कोमट पाणी आणि थोडा साबण वापरा, कढत पाण्याने पेट मऊ पडून आकार सोडतं. फळांचा वास प्लास्टिकमध्ये राहतो, म्हणून आल्याची बाटली आल्यालाच ठेवलेली बरी. नवीन बाटली सहज मिळते, तेव्हा जुनीचा लोभ धरू नका.

गॅस आणि जोडणी

तळेगावची एमआयडीसी नवलाख उंबरे, आंबी, मंगरूळ, बधलवाडी या बाजूंना पसरल्यापासून इथल्या वर्कशॉपमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर नेहमीचे झाले आहेत, कारण वेल्डिंगला तो वायू लागतो. ओळखीने एखादा सिलिंडर मिळेलही, पण तो घरी आणू नका. वेल्डिंगचा वायू कित्येकदा आरगॉन मिसळलेला असतो. तो नुसता कार्बन डायऑक्साइड असला तरी सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि भरणी खाद्यपदार्थांसाठी सांभाळलेली नसते. तेलाचा अंश, ओल आणि गंज थेट पेयात येऊ शकतात. आग विझवायच्या सिलिंडरचंही तेच. त्यातून तर वायूऐवजी द्रव बाहेर पडेल अशीच नळी आत बसवलेली असते.

पुरवठादाराकडे खाद्य दर्जाचा कार्बन डायऑक्साइड मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. या वायूसाठीचं भारतीय मानक आयएस ३०७ आहे आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर तो आयएनएस २९० या क्रमांकाने दिसतो. सिलिंडरवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती बघितल्याशिवाय सिलिंडर घेऊ नका. आपल्याकडे सिलिंडरांचे नियम २०१६ चे आहेत आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. परवाना नसलेल्या माणसाकडून, एका सिलिंडरमधून दुसऱ्यात ओतून दिलेला गॅस कधीही घेऊ नये.

सिलिंडरच्या आत हा वायू द्रवरूपात असतो आणि २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार, म्हणजे ८०० पीएसआयच्या वर असतो. म्हणून रेग्युलेटरशिवाय बाटलीला नळी लावण्याचा विचारही करू नका. रेग्युलेटर कार्बन डायऑक्साइडचाच हवा, बाहेरचा दाब दाखवणारा काटा आणि जादा दाब सोडून देणारा सुरक्षा व्हॉल्व्ह त्याला हवा. स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर इथे चालत नाही. आत द्रव शिल्लक आहे तोवर सिलिंडरकडचा काटा जवळपास तिथेच राहतो, त्यामुळे किती गॅस उरला हे वजन करूनच कळतं. एका लिटर पेयाला साधारण ८ ग्रॅम गॅस लागतो. वाया जाणारा धरूनही एक किलोत सत्तर-ऐंशी लिटर पेय निघावं.

झाकण २८ मिलिमीटरच्या तोंडाला बसणारं, खास गॅस भरण्यासाठी बनवलेलं मिळतं. ते स्टीलचं किंवा खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचं घ्या. मूळ झाकणाला भोक पाडून चाकाच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवण्याची युक्ती काही जण करतात. ती टाळा. सोड्याचं पाणी आंबट असतं, पितळ-तांब्याला ते खातं आणि धातू पेयात उतरतो. त्या व्हॉल्व्हचं रबरही खाण्याच्या वस्तूंसाठी नसतं. नळीत एकाच दिशेने गॅस सोडणारा व्हॉल्व्ह बसवला तर सरबत उलटं रेग्युलेटरमध्ये शिरत नाही.

गॅस भरण्याची कृती

१. पेय गाळून, सव्वा लिटरच्या बाटलीत एक लिटर भरा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. भरायच्या वेळीच बाहेर काढा.

२. बाटली हाताने दाबत पेय गळ्यापर्यंत आणा, म्हणजे वरची हवा निघून जाईल. तशीच चेपलेली धरून खास झाकण घट्ट लावा.

३. रेग्युलेटरची चावी पूर्ण सैल आहे याची खात्री करा. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि काटा ३० पीएसआयवर आणा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा.

४. नळी झाकणाला जोडा. चेपलेली बाटली सरळ होऊन दगडासारखी कडक होईल.

५. नळी जोडलेलीच ठेवून बाटली आडवी धरा आणि जोरात हलवा. गॅस आत जातानाचा सूं आवाज येतो. हलवल्याने पाणी आणि वायू यांचा संबंध वाढतो, नुसती उभी बाटली तेवढाच गॅस घ्यायला बराच वेळ लावते. साधारण एका मिनिटात आवाज मंदावतो. थांबला की त्या दाबाला पेय भरलं असं समजा.

६. बाटली उभी करून अर्धा मिनिट थांबा, नळी काढा, सिलिंडर बंद करा. बाटली किमान एक तास फ्रिजमध्ये उभी ठेवा.

७. आणखी चुरचुर हवी असेल तर त्याच दाबाने पुन्हा एकदा हलवा. साध्या सोड्याला ४० पीएसआयपर्यंत जायला हरकत नाही, सरबताला ३० पुरतात. त्यापुढे जाऊ नका.

८. उघडताना झाकण हळूहळू सैल करा आणि फेस वर चढू लागला की पुन्हा आवळा. दोन-तीन वेळा असं केलं की पेय शांत होतं. हलवल्याबरोबर कधीही उघडू नये.

कोणतं सरबत, कसं

गॅसच्या पेयात गर, साल, मसाल्याचे कण राहिले तर प्रत्येक कणाभोवती बुडबुडे तयार होतात आणि निम्मी बाटली फेसातच जाते. म्हणून मलमलच्या दुहेरी कापडातून गाळणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं स्वयंपाकघरातलं काम आहे. मीठ, जिरेपूड, चाट मसाला बाटलीत कधीच घालू नका. ग्लासात आधी मसाला घ्या आणि त्यावर पेय हळूच ओता.

करवंदासाठी अर्धा किलो पिकलेली करवंदं दोन-तीन पाण्यांतून धुऊन चीक काढा. एक वाटी पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवा आणि डावाने ठेचा. मिक्सर लावू नका, बी फुटली की कडवटपणा उतरतो. गाळलेल्या रसात पाव किलो साखर विरघळवून एक उकळी आणा. गार झाल्यावर या पाकाचे १२० मिलिलिटर आणि उरलेलं थंड पाणी असं एक लिटर करा. बाजारातल्या कोलात १०० मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते, या प्रमाणात ती सात-साडेसात ग्रॅमच्या आसपास राहते. पुढच्या वेळी आणखी कमी करून पाहा. गॅसच्या आंबटपणामुळे गोडी दबते हे खरं, पण जीभ लवकर सरावते.

आलं-लिंबासाठी ४० ग्रॅम आलं किसून पाव लिटर पाण्यात ७० ग्रॅम साखरेबरोबर दहा मिनिटं उकळा, गाळा आणि गार करा. मग दोन लिंबांचा गाळलेला रस घालून पाण्याने एक लिटर करा. लिंबू गरम पाकात पिळू नका, त्याचा ताजेपणा जातो.

कोकमासाठी साखरेच्या पाकातलं कोकम घ्या, खारवलेलं आगळ नको. जांभळाचा गर दाट असतो आणि कितीही गाळला तरी फेसाळतो. त्याचा पाक वेगळा करून ठेवा, गॅस साध्या पाण्यात भरा आणि ग्लासात एकास चार या प्रमाणात मिसळा. आवळ्यालाही हीच रीत बरी. नळ्या-झाकणांची स्वच्छता सांभाळायला ही पद्धत सगळ्यात सोपी आहे आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

गुलाबाच्या सरबताचा मोह मावळात साहजिक आहे, कारण इथल्या पॉलिहाऊसमधून भरभरून गुलाब निघतो. पण ती फुलं सजावटीसाठी पिकवलेली असतात आणि त्यांवर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. खाण्यासाठी अंगणातला, फवारणी न केलेला देशी गुलाबच घ्या. ताक, दूध किंवा दुधाचा कोणताही पदार्थ बाटलीत घालून गॅस भरू नका.

बिघडलं तर

पेयात जोर नसेल तर दाब वाढवण्याआधी थर्मामीटर लावा. पेय ८-१० अंशांचं निघालं तर कारण तिथेच सापडलं. पेय थंड असूनही सपक लागलं तर हवा नीट काढली होती का आणि आवाज थांबेपर्यंत हलवलं होतं का ते आठवा. फेस फार येत असेल तर गाळणं कमी पडलं आहे. दुसऱ्या दिवशी बाटली मऊ लागली तर झाकणातला वॉशर तपासा: तो झिजलेला असेल किंवा त्याखाली साखर चिकटलेली असेल. प्रत्येक वापरानंतर झाकणातून आणि नळीच्या टोकातून कोमट पाणी खेळवा. साखरेचा थर राहिला की दोन दिवसांत तिथे बुरशी धरते.

इथे हयगय नको

४ अंशांना ३० पीएसआयवर भरलेली बाटली ३० अंशांच्या खोलीत राहिली तर आतला दाब ७० पीएसआयच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीत तो ९० च्या पुढे चढतो. वापरून जुनी झालेली, ओरखडे पडलेली बाटली तिथे दगा देऊ शकते. म्हणून भरलेली बाटली फ्रिजमध्येच राहिली पाहिजे. सहलीला न्यायची तर बर्फाच्या डब्यातून न्या. फळाच्या रसाचं पेय दोन-तीन दिवसांत संपवा. ते फ्रिजबाहेर राहिलं तर आंबू लागतं आणि आंबताना तयार होणारा गॅस आधीच्या दाबात भर घालतो. अशी फुगलेली बाटली तोंडासमोर धरू नका. ती आधी पूर्ण गार करा, फडक्यात गुंडाळा आणि मगच सैल करा.

सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला आणि सावलीत हवा. ३१ अंशांच्या वर आतला द्रव द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. पत्र्याच्या शेडखाली किंवा चुलीजवळ तो ठेवू नका. घरी आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

सगळ्यात न दिसणारा धोका गळतीचा. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो, तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो. एक किलो द्रवापासून पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत पाच किलोचा सिलिंडर रिकामा झाला तर हवेतलं त्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या घरात जातं, आणि एवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. म्हणून सिलिंडर झोपायच्या खोलीत, तळघरात किंवा बंद कोठीत ठेवायचा नाही, काम खिडकी-दार उघडं ठेवूनच करायचं आणि काम संपलं की मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. डोकं जड वाटलं, धाप लागली तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या. मुलांना सरबत गाळायला, चव ठरवायला जरूर सोबत घ्या, पण गॅसची चावी मोठ्यांच्याच हातात राहू द्या.

बचत गटाला किंवा एखाद्या हॉटेलाला हे विकायचं असेल तर तो वेगळा व्यवसाय आहे. त्याला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि पाण्याची तपासणी, नव्या बाटल्या, लेबल हे सगळं ओघाने येतं. वापरलेल्या बाटल्यांतून विक्री करू नये.

पहिल्या आठवड्यात फक्त साध्या पाण्याचा सोडा करा. पाण्याचं तापमान, काट्यावरचा दाब, किती वेळ हलवलं आणि चव कशी लागली हे वहीत लिहून ठेवा. तीन-चार बाटल्यांत तुमच्या फ्रिजला आणि तुमच्या जिभेला जुळणारं माप सापडेल. मग आलं-लिंबू करा आणि हात बसला की करवंद. करवंदाचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो, तेव्हा पाक आधीच करून फ्रिजरमध्ये ठेवा. वाढदिवस कुठल्याही महिन्यात आला तरी मुलांपुढे ठेवायला गावच्या डोंगरावरचं, बुडबुड्यांनी भरलेलं सरबत घरात तयार असेल.